सिंगापूरमार्गे

भूगोलाच्या तासाला वापरतात तसा एक जुना पृथ्वीगोल आमच्या कल्याणच्या घरात अजून आहे. त्यावर मुंबई आणि सिडनी या दोन ठिकाणी बोटे ठेवून मधला दोरा ताणून धरला, तर तो दख्खन आणि बंगालचा उपसागर ओलांडून सुमात्रा बेटाच्या दक्षिण टोकाजवळून जातो, ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याला लागतो आणि पुढे सबंध वाळवंट तिरके कापत सिडनीला पोचतो. सिंगापूर त्या दोऱ्याच्या जरासे वर, उत्तरेला राहते. मुंबई ते सिडनी हे जवळात जवळचे अंतर सुमारे १०,१५० किलोमीटर आहे आणि मध्ये सिंगापूरला उतरून गेले तर ते सुमारे १०,२०० होते. म्हणजे उतरण्यासाठी वाट वाकडी करावी लागत नाही. शंभर किलोमीटरसुद्धा वाढत नाहीत. आखातातल्या विमानतळांवरून जाणाऱ्यांना आधी पश्चिमेला उलटे जाऊन तेच अंतर पुन्हा पूर्वेला कापावे लागते. दिल्लीहून आणि बंगळुरूहून सिडनीला थेट विमाने आहेत, पण कल्याणकराला तिथे पोचायलाही आधी एक प्रवास करावाच लागतो. कुठेतरी एकदा उतरायचेच आहे, तर नीट उतरावे, या निष्कर्षाला मी गोल फिरवत आले आणि आमचे ‘हे’ तिकिटाचे नियम वाचत आले.

निमित्त लेकीच्या बाळंतपणाचे होते. आमच्या पिढीतल्या पुष्कळ जोडप्यांचा पहिला परदेशप्रवास याच निमित्ताने घडतो. तारीख डॉक्टरांनी दिलेली असते, तिकीट जावयाने काढलेले असते, व्हिसाचे अर्ज मुलांनी भरलेले असतात आणि आपण फक्त सह्या करतो. अशा प्रवासात आईवडील रेल्वेच्या भाषेत प्रवासी कमी आणि पार्सल जास्त असतात. इकडे चढवायचे, तिकडे उतरवून घ्यायचे, मध्ये कुठे आपटू नये एवढीच काळजी. आमच्या तिकिटातही सिंगापूरला जेमतेम विमान बदलण्यापुरता वेळ ठेवलेला होता. तो पाहून हे म्हणाले, “ही काय, नुसती इंजिन बदलायची वेळ आहे.”

ह्यांची सारी नोकरी मध्य रेल्वेत गेली, त्यामुळे कुठल्याही तिकिटाकडे हे रेल्वेच्या चष्म्यातून पाहतात. रेल्वेत ‘ब्रेक जर्नी’ नावाची एक जुनी सवलत आहे. एकेरी तिकीट ५०० किलोमीटरहून लांबचे असेल, तर पहिले ५०० किलोमीटर झाल्यावर वाटेत एकदा उतरता येते, आणि पोचण्याचा व निघण्याचा दिवस सोडून दोन दिवस राहून त्याच तिकिटावर पुढे जाता येते. तिकीट हजार किलोमीटरहून लांबचे असेल, तर अशी मुभा दोनदा मिळते. उतरल्यावर स्टेशन मास्तरकडून तिकिटावर नोंद करून घ्यायची, एवढीच अट. आरक्षणाच्या काळात ही सवलत फारशी कोणी वापरत नाही, पण ह्यांच्या मते तो प्रवाशाचा हक्क आहे. विमानाच्या व्यवहारात हेच थोड्या वेगळ्या रूपात चालते. मधल्या विमानतळावर चोवीस तासांच्या आत पुढचे विमान पकडले, तर ते नुसते बदलणे. त्याहून जास्त राहिलो, तर तो स्टॉपओव्हर. भाड्यात फार फरक पडत नव्हता. ह्यांनी लेकीला फोन केला.

“बाबा, तुम्ही दोघं तिथे एकटे काय करणार?” तिने विचारले. दोघे असताना एकटे कसे, हे मी तिला विचारले नाही. तिची काळजी खोटी नव्हती. सिंगापूरच्या व्हिसाचे वेगळे बघावे लागणार होते, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत त्यांचे ऑनलाइन आगमनपत्र भरायचे होते, आणि मुख्य म्हणजे मुक्काम चोवीस तासांच्या वर गेला की बॅगा परस्पर सिडनीला जात नाहीत; त्या सिंगापूरला पट्ट्यावरून उचलाव्या लागतात. बाळंतपणाला निघालेल्या आजीच्या बॅगा उचलणे ही काय गोष्ट आहे, हे ज्याने उचलल्या त्यालाच ठाऊक. चांगी विमानतळावर पैसे देऊन सामान ठेवण्याची सोय आहे, हे शोधून काढल्यावर लेकीचा विरोध मावळला. जावई मात्र पहिल्यापासून आमच्या बाजूने होता, त्याचे कारण मी विचारलेले नाही.

बॅगांबद्दल थोडे सांगायला हवे. ऑस्ट्रेलियात खाण्यापिण्याच्या वस्तू नेण्याचे नियम कडक आहेत. तो देश लाळ-खुरकुताच्या रोगापासून मुक्त आहे आणि आपला नाही, म्हणून आपल्याकडच्या दुधाच्या पदार्थांवर त्यांची खास नजर असते; त्यामुळे पेढे, खवा, बर्फी हे सगळे आधीच बाद. दुसरी बंदी पेरल्यास उगवेल अशा बियांवर. बाळंतिणीसाठी आपण जे नेतो त्यात आळीव पहिले, आणि आळीव म्हणजे निव्वळ उगवणारे बी. ओल्या कापसावर टाकले तरी त्याला चार दिवसांत कोंब येतात. हा प्रयोग मी पाचवीच्या मुलांना वर्षानुवर्षे करायला लावला आहे, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याशी वाद घालण्याचा मला नैतिक अधिकारच नव्हता. आळीव घरी राहिले. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, कुळथाचे पीठ, सुंठपूड आणि पुरणयंत्र एवढे गेले. सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये भारतीय दुकानांची रांगच आहे आणि तिथे यातले बरेच काही मिळते, हे लेकीने अनेकदा सांगितले होते. मिळते म्हणून न्यायचे नाही, असा नियम असता, तर जगातल्या निम्म्या बॅगा रिकाम्या गेल्या असत्या.

मुंबईच्या विमानतळावर आमच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवलेली होती. रात्रीच्या विमानांना अशा खुर्च्यांची मोठी रांग लागते आणि त्यांत बसलेली बरीच मंडळी चांगली चालती-फिरती असतात, यावरून पुष्कळ थट्टा होते. मला ती थट्टा पटत नाही. त्या खुर्चीत बसणाऱ्याला पाय नको असतात असे नाही, त्याला सोबत हवी असते. लांबलचक मार्गिका, बदलणारे गेट क्रमांक, न कळणारे उच्चार यांतून कोणीतरी हाताला धरून नेणारे हवे असते, आणि त्या माणसाला तिकिटाच्या यंत्रणेत व्हीलचेअर हेच एक नाव आहे. ह्यांनी मात्र खुर्ची नाकारली. “फलाटावर चालण्यात नोकरी काढली, आता काय बसून जाऊ?” असे म्हणून हे पुढे निघाले, आणि गेटवर आम्ही विमानाच्या कितीतरी आधी पोचलो. रेल्वेचा माणूस गाडीच्या आधी हजर असतो, गाडी उशिरा येणार हे ठाऊक असले तरी.

रात्रीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे. जेवण अवेळी आले, दिवे मालवले गेले, बंगालचा उपसागर झोपेत गेला. पहाटे जाग आली तेव्हा खाली काळ्या पाण्यावर दिव्यांचे पुंजके दिसत होते. ती नांगर टाकून उभी असलेली जहाजे होती. मलाक्काची सामुद्रधुनी फळ्यावर काढताना ‘जगातील अत्यंत गजबजलेला जलमार्ग’ हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिले होते की त्यातला गजबजाट मला ऐकू येईनासा झाला होता. वरून तो दिसला, आवाज अर्थात नव्हताच.

सिंगापूरला पहिली गंमत घड्याळाची. तिथे वर्षभर सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो. रेखांशाने पाहिले तर सिंगापूरची वेळ ग्रिनिचच्या सात तास पुढे असायला हवी. आहे आठ तास. १९८२च्या १ जानेवारीपर्यंत तिथली घड्याळे साडेसात तास पुढे होती, म्हणजे भारताच्या बरोबर दोन तास पुढे. मग मलेशियाने आपल्या दोन्ही भागांची वेळ एक करायचे ठरवले, तेव्हा शेजारी म्हणून सिंगापूरनेही काटे अर्धा तास पुढे सरकवले. ह्यांना हे ऐकून फार बरे वाटले. शेजारच्या विभागाच्या वेळापत्रकाशी जुळवून घेणे हे ह्यांच्या दृष्टीने सुसंस्कृतपणाचे लक्षण आहे.

दुसरी गोष्ट लक्षात यायला थोडा वेळ लागला. हॉटेल सेरंगून रोडच्या मागच्या गल्लीत होते. आंघोळी करून आम्ही १९४७पासून चालू असलेल्या कोमला विलासमध्ये डोसा खाल्ला, कॉफी घेतली आणि मग समोरासमोर नुसते बसून राहिलो. कोणाचा फोन यायचा नव्हता. कोणाला डबा द्यायचा नव्हता, दूधवाल्याला सांगायचे नव्हते, पाण्याची वेळ पाळायची नव्हती. कल्याणला आम्ही घर चालवणारी माणसे आहोत, सिडनीला आजी-आजोबा होणार होतो, आणि इथे या गावाला आमच्याकडून डोशाच्या पैशांखेरीज काहीही नको होते. इतक्या वर्षांच्या संसारात अशी सकाळ आली नसेल असे नाही. पण लग्नकार्य, देवदर्शन, कोणाचे आजारपण यांतले काहीतरी कारण तिच्या मागे नेहमी असायचे. बिनकारणाच्या सकाळीचे काय करायचे, हे आम्हा दोघांनाही चटकन सुचले नाही. शेवटी ह्यांनी खिशातून नकाशा काढला.

त्या नकाशावर ह्यांनी घरूनच एक रेघ ओढून आणलेली होती. सिंगापूरच्या मधोमध, उत्तरेला मलेशियाशी जोडणाऱ्या कॉजवेपासून दक्षिणेच्या बंदरापर्यंत, २४ किलोमीटर लांबीची एक हिरवी वाट आहे. तिला रेल कॉरिडॉर म्हणतात. ही पूर्वीच्या मलायन रेल्वेची वाट. सिंगापूर १९६५मध्ये मलेशियातून वेगळे झाले तरी या रेल्वेची जमीन मलेशियाच्या रेल्वेकडेच राहिली, आणि परदेशाची आगगाडी रोज शहराच्या पोटातून तनजोंग पगारच्या स्टेशनात येत राहिली. दोन्ही सरकारांची वर्षानुवर्षे चाललेली बोलणी पुरी झाली तेव्हा २०११च्या ३० जूनला शेवटची गाडी निघाली; ती शेजारच्या जोहोर या मलेशियातल्या राज्याच्या सुलतानांनी स्वतः चालवली. नंतर रूळ काढून टाकले आणि त्या जागी लोकांना चालण्यासाठी पायवाट केली. लोक सिंगापूरला उंच इमारती बघायला जातात. मला न विचारता ह्यांनी न धावणारी रेल्वे बघायचे ठरवले होते.

मी माझी अट घातली, आधी बोटॅनिक गार्डन. १८५९ सालची ही बाग २०१५मध्ये जागतिक वारसा यादीत आली. पण भूगोलाच्या शिक्षिकेला तिचे महत्त्व रबरासाठी. ब्राझीलच्या झाडाची रोपे लंडनजवळच्या क्यू उद्यानातून १८७७मध्ये सिंगापूरला आली, आणि झाड न मारता त्याचा चीक काढण्याची रीत हेन्री रिडली यांनी याच बागेत बसवली. त्यातून मलायातले मळे उभे राहिले. ‘मलेशिया : रबर’ अशी जोड्या लावा प्रश्नातली एक ओळ इथे जमिनीतून उगवलेली होती. बागेत टेम्बुसूचे एक प्रचंड जुने झाड आहे, त्याची एक फांदी जमिनीला समांतर अशी लांबवर गेलेली आहे आणि सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेवर तेच झाड छापलेले आहे. ह्यांनी नोट काढून झाडासमोर धरली, फांदीचे वळण ताडून पाहिले आणि “बरोबर आहे” असा शेरा दिला. तिकीट तपासल्यासारखा.

तिथून मेट्रोने किंग आल्बर्ट पार्कला उतरून थोडे चालले की बुकित तिमाहचे जुने स्टेशन लागते. १९३२ साली बांधलेली विटांची लहानशी इमारत, उतरते छप्पर, नावाची पाटी, रुळांचा राखून ठेवलेला एक तुकडा आणि थोड्या अंतरावर रस्त्यावरून जाणारा लोखंडी कैचीचा पूल. वाटेवरून तरुण मुले धावत होती, कोणी सायकलवर होते. हे फलाटाच्या कडेला उभे राहिले आणि दोन्ही बाजूंना मान वळवून बघू लागले. मग म्हणाले, “हे क्रॉसिंगचं स्टेशन. इथे गाडी थांबण्यापेक्षा टोकन घेऊन पुढे जाणं महत्त्वाचं.”

ते खरेच होते. एकेरी मार्गावरची टोकन देण्याघेण्याची पद्धत सिंगापुरात शेवटपर्यंत याच स्टेशनावर चालू होती. टोकन म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांत ऐकून माहीत होते. पण कसे ते हे पहिल्यांदाच करून दाखवत होते. एकाच रुळावरून दोन्ही बाजूंच्या गाड्या जायच्या, तेव्हा समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांमध्ये विजेने जोडलेली दोन यंत्रे असतात. एका वेळी दोन्हींतून मिळून एकच टोकन निघते, आणि ते ज्या ड्रायव्हरच्या हाती असेल त्यालाच पुढच्या टप्प्यात जाण्याची परवानगी. आपल्याकडे ते टोकन म्हणजे लोखंडी गोळा असायचा. तो चामड्याच्या पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या मोठ्या कडीला बांधायची आणि थांबा नसलेल्या गाडीला ती कडी चालत्या गाडीत द्यायची. ह्यांनी छत्री आडवी धरली, उजवा हात खांद्याच्या रेषेत लांब केला, अंग गाडीच्या दिशेने तिरके वळवले, डावा पाय मागे घेतला. “हात ताठ ठेवायचा नाही, कोपरात जरा सैल ठेवायचा. नाहीतर खांदा जातो. आणि कडी गेली की लगेच मागे व्हायचं, कारण पाठोपाठ जुनं टोकन खाली पडतं.” धावणाऱ्या एका मुलीने वेग कमी करून पाहिले आणि हसून पुढे गेली.

मग फलाटाच्या कडेला बसून ह्यांनी जे सांगितले, ते मला ठाऊक नव्हते. आमचे लग्न होण्याआधी हे दौंड आणि कुर्डुवाडीच्या मधल्या एका लहान स्टेशनावर असिस्टंट स्टेशन मास्तर होते. मद्रास मेल तिथे थांबत नसे. एकदा माझ्या सासूबाई गावाकडच्या मंडळींबरोबर तिरुपतीला निघाल्या. मेलने रेणिगुंट्याला उतरायचे होते. त्यांनी आधी कार्ड टाकून कळवले होते की अमुक तारखेला रात्री तुझ्या स्टेशनावरून जाऊ, मी फलाटाच्या बाजूच्या खिडकीत बसेन. ह्यांची त्या रात्री ड्यूटी होती. गाडीचा वेग टोकनसाठी कमी झाला, ह्यांनी कडी दिली, जुनी उचलली, आणि मग नियमाप्रमाणे हिरवा दिवा धरून शेवटचा डबा जाईपर्यंत उभे राहिले. अर्ध्याहून जास्त खिडक्या बंद होत्या. कोणत्या खिडकीत आई होती, हे ह्यांना कळले नाही. तिरुपतीहून परत गेल्यावर सासूबाईंचे कार्ड आले. त्यात प्रसादाची, सोबत्यांच्या तब्येतीची हकिगत होती आणि शेवटी एक ओळ : तुझा दिवा दिसला, उभा नीट होतास.

“कार्ड कुठे आहे?” मी विचारले.

“क्वार्टर बदलताना गेलं कुठेतरी,” हे म्हणाले. आणि लगेच उठून पुलाच्या लोखंडी रिव्हेटी मोजायला गेले.

माझ्या सासूबाई फार मोजके बोलत. त्यांच्याबरोबर एका स्वयंपाकघरात मी पुष्कळ काळ काढला, पण त्या खिडकीची गोष्ट त्यांनीही कधी काढली नव्हती. मला ती इतक्या दूर येऊन, दुसऱ्या देशाच्या मोडीत काढलेल्या फलाटावर कळावी, यात सिंगापूरचे काही कर्तृत्व नाही. मात्र मधल्या वेळात विमान बदलून आम्ही पुढे गेलो असतो, तर ती कळली नसती, एवढे नक्की. घरी ह्यांना जुन्या स्टेशनाची आठवण यायला काही कारण नव्हते, आणि आली असती तरी मी त्या वेळी कुकरच्या शिट्या मोजत असते.

संध्याकाळी आम्ही एस्प्लनेड पार्कमध्ये गेलो. आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा तिथे आहे. १९४३च्या २१ ऑक्टोबरला नेताजींनी याच शहरातल्या कॅथे इमारतीत आझाद हिंद सरकारची घोषणा केली. सेनेतल्या हुतात्म्यांचे स्मारक १९४५च्या जुलैमध्ये उभारायला घेतले गेले आणि इंग्रज परत आल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांनी ते पाडून टाकले. आता तिथे १९९५मध्ये बसवलेला फलक आहे. ह्यांचे गाव सावंतवाडीकडचे, आणि आझाद हिंद सेनेचे सेनानी जगन्नाथराव भोसले त्याच सावंतवाडी संस्थानातल्या तिरोड्याचे. त्यामुळे लहानपणी ऐकलेले हे नाव इथे ह्यांच्या तोंडी आपोआप आले. त्या पाडलेल्या स्तंभावर इत्तेफाक, इतमाद, कुर्बानी हे तीन शब्द होते. बागेत बाकीचे लोक समोरच्या उंच हॉटेलांचे फोटो काढत होते. आम्हीही नंतर काढले.

चांगीच्या ज्युएलमधला चाळीस मीटर उंचीचा धबधबा सामान घ्यायला जाताना पाहिला. २०१९ साली सुरू झालेली ही वास्तू काचेच्या घुमटाखाली आहे, आणि घुमटाच्या मधल्या भोकातून पाणी खाली पडते. सुंदर आहे. पावसाळ्यात माळशेज घाट पाहिलेल्या माणसाने त्यापुढे फार वेळ उभे राहण्याची गरज नाही.

पुढचे विमान दिवसाचे होते, हे मी हट्टाने मागून घेतले होते. सिंगापूर विषुववृत्ताच्या जेमतेम सव्वा अंश उत्तरेला आहे, त्यामुळे विमान दक्षिणेला वळल्यावर पाव तासाच्या आसपास आपण दुसऱ्या गोलार्धात असतो. जहाजांच्या काळात ही रेषा ओलांडताना वरुणदेवाचे सोंग आणून नव्या खलाशांना न्हाऊ घालत. विमानात त्या वेळी पाण्याच्या बाटल्या वाटत होते. पडद्यावरच्या नकाशात विमानाचे चिन्ह रेषेच्या खाली सरकले, मी ह्यांना कोपराने ढोसले, ह्यांनी मान डोलावली. एवढाच समारंभ झाला.

हीच वाट पूर्वी टप्प्याटप्प्याने होई. १९३५ साली ब्रिस्बेन ते सिंगापूर अशी विमानसेवा सुरू झाली, तेव्हा ऑस्ट्रेलियाहून लंडनला जाणारे प्रवासी सिंगापूरला ब्रिटिश कंपनीच्या विमानात बसत. १९४७च्या डिसेंबरात सिडनीहून लंडनपर्यंत एकच विमान जाऊ लागले; ते डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो आणि त्रिपोली असे उतरत चार दिवसांनी पोचे, आणि सिंगापूरला व कैरोला प्रवासी रात्री मुक्काम करीत. १९४८ साली मुंबईहून लंडनला निघालेले आपले ‘मलबार प्रिन्सेस’सुद्धा कैरो आणि जिनिव्हाला उतरत गेले. ते थांबे हौसेचे नव्हते, इंधनाचे होते. आज सिंगापूरहून न्यूयॉर्कपर्यंतचे पंधरा हजार किलोमीटर न उतरता जाता येते आणि त्याचे सगळ्यांना कौतुक आहे. कामासाठी जाणाऱ्याला ते सोयीचे आहेच. पण ज्यांना पोचायची घाई नाही अशा माणसांनाही घाईचेच तिकीट चांगले म्हणून विकले जाते, आणि मुले प्रेमाने तेच घेऊन देतात.

जावा आणि तिमोरकडची बेटे मागे पडली, पाणी संपले आणि तांबडी जमीन सुरू झाली. ती संपेचना. एकाच देशावरून चार तासांच्या आसपास उडत राहायचे आणि खाली गाव म्हणून दिसू नये, याची कल्पना नकाशावरून येत नाही. वाळूच्या लांबच लांब, एकमेकींना समांतर अशा टेकड्या दिसल्या. कोरडी पडलेली, पांढऱ्या मिठाची सरोवरे दिसली. खिडकीची जागा सिंगापूरपर्यंत ह्यांची होती आणि इथून माझी, असे ठरलेले होते, पण ह्यांना ‘घान’ गाडीचा मार्ग शोधायचा होता. ॲडलेडपासून डार्विनपर्यंत जवळजवळ ३,००० किलोमीटर जाणारा हा मार्ग १९२९ साली ॲलिस स्प्रिंग्जपर्यंत पोचला आणि तिथून पुढे डार्विनला पोचायला २००४ साल उजाडले. रेल्वेच्या आधी या वाळवंटातून उंटांचे तांडे माल नेत, आणि ते हाकणारे लोक अफगाणिस्तानातून व तेव्हाच्या हिंदुस्थानातून आलेले होते. गाडीचे नाव त्यांच्यावरून पडले. आपले विमान तो मार्ग कुठेतरी ओलांडणारच, असा ह्यांचा हिशेब होता. म्हणून ह्यांनी माझ्या अंगावरून वाकून बराच वेळ खाली पाहिले. एक सरळ रेघ दिसली असे हे म्हणतात. मला दिसली नाही.

सिडनीला उतरल्यावर कार्डावर ‘खाद्यपदार्थ आहेत’ यापुढे खूण केली आणि आम्ही तपासणीच्या रांगेत लागलो. तरुण अधिकारी मुलगी होती. तिने गोड्या मसाल्याची पिशवी उजेडाकडे धरून पाहिली, भाजणीचे पीठ बोटांत दाबून पाहिले, बिया कोणत्या आहेत का असे दोनदा विचारले. नाहीत, हे मी ज्या ठामपणाने सांगितले त्यामागे घरी ठेवून आलेल्या आळिवाचे सगळे दुःख होते. पुरणयंत्राचे झाकण तिने फिरवून पाहिले, हे कशाचे आहे म्हणून विचारले. ह्यांनी तिला पुरण समजावून सांगायला सुरुवात केली. मागची रांग मोठी होती म्हणून तिने आम्हाला सोडले असावे.

बाहेर लेक उभी होती, तिचे चालणे जड झाले होते. तिथून पुढे आम्ही पुन्हा कामाची माणसे झालो, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ज्यासाठी गेलो ते तेच होते. दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणून दुपटी वाळत घालायची ती घराच्या उत्तरेच्या अंगणात, हे शिकवलेले ज्ञान पहिल्यांदाच उपयोगाला आले. नात झाली, रात्रीची जागरणे झाली, कुळथाचे पिठले जावयाला आवडले.

परतीच्या तिकिटातही लेकीने सिंगापूरला पाऊण-एक तासाचीच फुरसत ठेवली होती. थकून जाल, असे तिचे म्हणणे. हे तिच्याजवळ चष्मा लावून बसले आणि तनजोंग पगारच्या स्टेशनाची इमारत अजून उभी आहे, संरक्षित आहे, आत नाही सोडले तरी बाहेरून पाहता येते, असे तिला सांगू लागले. बाळ मांडीवर होते, म्हणून तिने एका हाताने तारखा बदलल्या. भाड्यातला फरक ह्यांनी आपल्या पेन्शनमधून दिला आणि त्याची पावती छापून मागून घेतली.